नळाच्या वाटची चिंच

मी एक जुनी पितळी झडप आहे. नळ नव्हे, झडप. हे आधीच सांगून टाकते, कारण पितळ दिसलं की लोक नळच समजतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म जामनगरच्या एका भट्टीत झाला. एकाच मुशीतलं पितळ दोन साच्यांत ओतलं. एका साच्यातून मी निघाले आणि दुसऱ्यातून नळ. त्याला डौलदार मूठ मिळाली, वळणदार तोंड मिळालं. माझ्या वाट्याला आलं एक गोलमटोल पोट आणि पाठीवर कोरलेला बाण. पोटात एक गोल पाकळी बिजागरीवर टांगलेली आहे. बाणाच्या दिशेनं पाणी आलं की ती उघडते. पाणी उलटं फिरायला लागलं की टक करून मिटते. पाण्याला पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

एकाच खोक्यातून आम्ही दोघं कच्छमधल्या रातीवांढ गावी आलो. तिथे अलीमामद खत्री अजरखचं, म्हणजे ठशांच्या नक्षीचं कापड छापतात आणि निळीत रंगवतात; त्यांचे हात मनगटापर्यंत कायम निळे असतात. त्यांचा कारखाना गल्लीच्या चढावर आहे आणि घरं उतारावर. सगळ्यांचं पाणी एकाच पाइपातून येतं. गावच्या पाणी समितीचा वेरसीभाई आम्हाला बसवायला आला. त्यानं मला खाली जमिनीलगत बसवलं आणि नळाला वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

"नळ तुमच्यासाठी, अलीमामदभाई," वेरसी म्हणाला. "ही झडप गल्लीसाठी. तुमचं रंगाचं पाणी गल्लीत जायला नको."

"पाणी मागं जातं होय? पाणी काय शेळी आहे, मन मानेल तिकडं वळायला?"

"दाब गेला की वळतं. उतारावर कुणी नळ उघडला की वरचं खाली ओढलं जातं."

अलीमामद हसले. त्यांची मुलगी हाजियाणी तेव्हा दहा वर्षांची होती. ती मात्र माझ्याजवळ उकिडवी बसली. पाणी गेलं तसा तिनं माझ्या पोटाला कान लावला आणि म्हणाली, "अब्बा, ही टक म्हणाली." त्या दिवशी मला जे सुख झालं, ते पुढे पंधरा वर्षं पुरवून पुरवून वापरावं लागलं.

कारण नंतर सगळं कौतुक नळाचं झालं. मित्रांनो, मी मत्सरी आहे, हे मी कबूल करते. पाणी आलं की बायका म्हणायच्या, "नळ आला." आला कुठून मेला? तो तर जागचा हललाही नव्हता. ईद जवळ आली की अलीमामदांची बायको जेनाबाई चिंच आणि राख घेऊन बसायची आणि त्याला घासून घासून सोन्यासारखा करायची. उरलेली चिंच ती हातावर चोळून धुऊन टाकायची. मी दोन हातांवर होते. दोन हातांवर! पण माझ्याकडे तिची नजर कधी वळली नाही. नळ चार दिवस चमकायचा आणि मी चार दिवस जळायची.

तिकडचं पाणी खारट आणि जड. वर्षानुवर्षं माझ्या पाकळीवर क्षार साचत गेला. कुणी मला उघडून साफ केलं नाही. पाकळी जड झाली आणि नळाची धार सुतळीएवढी बारीक झाली. शेजारच्या जुमाच्या कारखान्यात मात्र धार मनगटाएवढी. जुमाही खत्रीच, अलीमामदांचा लहानपणचा सोबती. त्याची धार बघून अलीमामदांच्या पोटात दुखायचं. मला ते दुखणं लगेच ओळखू आलं, ते माझंच होतं.

त्यात जेनाबाई एकदा म्हणाली, "हाजियाणीचे अब्बा, तुमची धार बघून जुमाभाईची बकरीसुद्धा हसते."

दुसऱ्या दिवशी अलीमामद पाना घेऊन बसले. "ही झडपच पाणी अडवते," म्हणाले.

"वेरसीला विचारलंत?"

"वेरसी काय माझा सासरा लागतो?"

त्यांनी मला काढलं, माझ्या जागी पाइपाचा तुकडा बसवला आणि मला गुळाच्या रिकाम्या डब्यात टाकून निळीच्या कुंडीवरच्या फळीवर ठेवलं. नळातून धो धो धार लागली. "वा रे माझा नळ!" अलीमामद म्हणाले. मी डब्यातून ऐकलं. त्याच्या जागी मी असते तर लाजले असते. तो लाजला नाही.

आता कुंडीचं सांगते. अलीमामद म्हणतात, निळीची कुंडी म्हणजे बाळंतीण, तिला वारा लागू द्यायचा नाही. चुना, गूळ, टाकळ्याचं बी घालून तिला आठ-आठ दिवस निजवायचं. कुंडीत असते तोवर नीळ पिवळट-हिरवी दिसते, बाहेर वारा लागला की निळी होते. वरून धबाधबा पाणी ओतलं तर फेस होतो, आत हवा शिरते आणि नीळ मरते. म्हणून कुंडीत पाणी वाढवताना ते तळाशी, हळूच सोडायचं, हा त्यांच्या घराण्याचा नेम. पूर्वी ते घागर कुंडीत अलगद बुडवून रिती करत. घागरीनं कधी उलटं पाणी ओढलं नाही. आता घागर गेली आणि रबरी नळी आली. नेम तोच राहिला. नळीचं एक टोक नळाला लावलेलं आणि दुसरं निळीच्या तळाशी बुडवलेलं.

हाजियाणीचं लग्न गल्लीतच झालं होतं, उतारावरच्या पहिल्याच घरात. तिला मुलगा झाला. त्याचा चाळिसावा दिवस होता, म्हणजे न्हाणाचा दिवस. जेनाबाई सकाळपासून तिकडेच होती. इकडे अलीमामदांनी नळी कुंडीत सोडली, धारेकडे पाहिलं आणि त्यांना राहवेना. ते जुमाला बोलवायला गेले, आपली धार दाखवायला.

ते गेले आणि गावची वीज गेली. टाकीवरचा पंप थांबला. पाइपातला दाब उतरला. माझ्या जागी मी असते तर टक केलं असतं. तिथे पाइपाचा तुकडा होता.

मी फळीवरच्या डब्याच्या काठावरून बघत होते. कुंडीतली नीळ हलली. मग काठावरून बोटभर उतरली. मग वीतभर. नळीतून, नळातून, ती उलटी चालली होती. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. तुमच्यापासून काय लपवू? मी मनात म्हटलं, आता कळेल सगळ्यांना नळाची किंमत. जाऊ दे, आणखी जाऊ दे. काळं होऊ दे त्याचं तोंड.

मग माझ्या लक्षात आलं की ही नीळ जाते कुठे. उतारावर. उतारावरचं पहिलं घर हाजियाणीचं. तिनं न्हाणाला पाणी भरायला नळ उघडलाय, म्हणून तर कुंडी ओढली जातेय. त्या पाण्यात चुना आहे, तो लेकराच्या डोळ्यांत जाईल. मी ओरडले असते, पण मला तोंडच नाही. मला आहे ती एक पाकळी, आणि ती गुळाच्या डब्यात निरुपयोगी पडलेली. आयुष्यात पहिल्यांदा मला नळाचा विसर पडला.

एवढ्यात अलीमामद आणि जुमा आले. कुंडी अर्धी रिकामी.

"हेच दाखवायला आणलंस होय?" जुमा म्हणाला. "बरी आहे की धार."

अलीमामद कुंडीत वाकले. "नीळ गेली कुठं?"

बाहेर पावलं वाजली. जेनाबाई आली, तिच्यामागे हाजियाणी. हाजियाणीनं एक हात पुढे धरला होता. तो मनगटापर्यंत निळा.

झालं ते जेनाबाईनं धापा टाकत सांगितलं. पाणी पिवळट-हिरवं आलं होतं. न्हाणाच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला घालतात, म्हणून तिला वाटलं लेकीनं घातला, आणि लेकीला वाटलं आईनं. बाळाला मांडीवर घेऊन तांब्या भरला. पाणी सोसेल का ते बघायला हाजियाणीनं आधी स्वतःचा हात बुडवला. हात वर काढला, त्याला वारा लागला आणि तो निळा होत गेला.

"मी तुमचे हात ओळखले, अब्बा," हाजियाणी म्हणाली.

"बाळ?"

"थेंबही नाही लागला."

अलीमामदांनी नळी कुंडीतून ओढून काढली. जुमानं एकदा नळाकडे, एकदा नळीकडे पाहिलं आणि विचारलं, "ती झडप कुठाय?" अलीमामदांनी फळीकडे बोट केलं.

त्या दुपारी अलीमामद खत्री घरोघर गेले. प्रत्येक दारात म्हणाले, "पाणी ओतून टाका. माझी नीळ आलीय त्यात. चूक माझी आहे." जुमा त्यांच्याबरोबर दारोदार फिरला. वेरसीनं येऊन सगळा पाइप धुऊन काढला. दोन दिवस गल्ली टँकरचं पाणी प्याली.

मग त्यांनी मला डब्यातून काढलं. पाकळी खोलली. क्षार एवढा घट्ट होता की अलीमामदांची नखं दुखली. तेव्हा जेनाबाई आतून वाटी घेऊन आली.

"नळाच्या वाटची आहे," म्हणाली. "आता हिला लावा."

चिंच होती, मित्रांनो. पंधरा वर्षांनी माझ्या अंगाला चिंच लागली. फार झोंबली. मला आवडली.

आता मी परत माझ्या जागी आहे. दर ईदेआधी वेरसी मला उघडून बघतो. नळीचं टोक आता कुंडीत बुडत नाही, वीतभर वर टांगलेलं असतं. खाली एक पन्हळ तिरकी टेकवली आहे. पाणी तिच्यावरून सरपटत उतरतं आणि फेस होत नाही. ही युक्ती जुमाची. अलीमामदांना ते अजून सलतं, पण पन्हळ त्यांनी काढलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात बादलीत बुडालेली एखादी नळी असेल. तिचं टोक पाण्याबाहेर काढा. आणि जमिनीलगत धूळ खात बसलेल्या एखाद्या झडपेला वर्षातून एकदा उघडून बघा. ती मागणार नाही, तिला तोंड नसतं.

माझा मत्सर गेला असं मात्र समजू नका. पाणी आलं की बायका अजून "नळ आला" म्हणतात, आणि मी अजून जळते. पण पाणी जातं ना, तेव्हा अलीमामद हातातलं काम टाकून माझ्याजवळ वाकतात. कधी हाजियाणी असली तर लेकाला कडेवर घेऊन तीही बसते. दोघं माझ्या पोटाला कान लावतात. मी टक म्हणते. मगच ते उठतात.

तेवढा वेळ नळाकडे कुणी बघत नाही. तो वर एकटा, कोरडा लटकत असतो आणि खाली माझ्याकडे बघत असतो. जळतो. जळू दे मेल्याला.