फरशी बाटेल

आमच्या मंडळीचे पंच महिपतराव देवावर प्रेम करत की नाही, मला माहीत नाही. फरशीवर मात्र जीव टाकत. चौऱ्याऐंशी साली आम्ही देवळातली जुनी शहाबादी काढून पांढरीशुभ्र फरशी घातली. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तेव्हापासून या गृहस्थाने उपासनेत डोळे मिटणं बंद केलं. प्रार्थना चालू असताना कुणाच्या पायाला वाळू लागलीय तेवढं बघायचं. मी बाजाच्या पेटीवर बसते, तिथून मला सगळं दिसतं. पाळकसाहेबांनाही दिसायचं, पण गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

फरशी घालून महिना झाला होता. त्या रविवारी बिशप येऊन ती देवाला अर्पण करणार होते. आणि शुक्रवारी सकाळी भाटे गावची राही वारली. राही मासळी विकायची. जन्मभर शेवटच्या बाकावर बसली, कारण पुढच्या बायका तिला बघून नाकाला पदर लावत. तिची लेक चिमा देवळाच्या दारात आली. महिपतराव, पाळकसाहेब आणि मी, तिघंही तिथेच होतो.

"आयनं जल्मभर मागचंच बाकडं धरलान," ती म्हणाली. "आता एकदा तिला पुढं, प्रभुभोजनाच्या टेबलापाशी ठेवूया. मग मातीला नेव."

"चिमा, समजून घे," महिपतराव म्हणाले. "अर्पण व्हायच्या आधी मयत आत आलं तर फरशी बाटेल."

बाटेल. यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने बाटगा म्हणून त्यांना विहिरीवरून हाकललं होतं. नातू तोच शब्द तोंडात घोळवत देवळाच्या दारात उभा, तोही इस्त्रीच्या पँटमध्ये. मला किळस आली.

चिमा रडली नाही. "आपण समदी बाटलेलीच ना, दादा? मग फरशीलाच काय धाड भरलीय?"

महिपतरावांनी पाळकांकडे बघितलं. पाळकांनी घड्याळाकडे बघितलं. चिमा आली तशी निघून गेली.

मी पेटी रिक्षात घातली आणि वाटेत घराघरांत सांगत भाट्याला गेले. दुपारी सगळी मंडळी राहीच्या घरापुढच्या खळ्यात, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली होती. नाकाला पदर लावणाऱ्याही आल्या, त्यांना मागे जागा मिळाली. पाळकसाहेब उशिरा आले, पण आले. राही सगळ्यांच्या पुढे होती. गाणं बेसूर झालं, पण त्यात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इतकी वर्षं वाजवतेय, देवळात मला असं कधी रडू आलं नाही.

मग महिपतराव कुंपणाशी येऊन उभे राहिले. रविवारी बिशपांना रिकामी बाकं दाखवायची पाळी येईल, ही धास्ती त्यांच्या तोंडावर दिसत होती. आत यायला ते तयार नव्हते, पँटला शेणाचे डाग पडले असते.

"चिमा, आण तिला," ते म्हणाले. "मी दारापासून टेबलापर्यंत गोणपाट अंथरलंय. आता हरकत नाही."

चिमाने आईच्या तोंडावरची माशी हाकलली.

"नको, दादा. आय हितं पुढंच हाय. आनि देव बी हितंच येवन बसलाय. त्याला तिकडं नेव नका, घसरून पडंल."

पाळकसाहेब उठले आणि पहिला खांदा त्यांनी दिला. महिपतराव देवळाकडे परतले, गोणपाट गोळा करायला.