कॅमेऱ्यालाच दिसणारी ज्योत

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरीही व्यासपीठाकडे थेट पाहणारा माणूस एकही नव्हता. सर्वांनी मोबाईल उंचावले होते व त्या इवल्या पडद्यांतून ते तेजोबाबांचा उजवा तळहात न्याहाळत होते. नुसत्या डोळ्यांना तो हात तुमच्याआमच्यासारखाच दिसे; बोटातल्या अंगठीचा काळा खडा तेवढा आतल्या बाजूला वळलेला. पडद्यावर मात्र त्यात जांभळट ज्योत तेवत होती.

"मळलेल्या डोळ्यांना हे तेज दिसायचं नाही, बाळांनो," बाबा मधाळ स्वरात म्हणाले. "यंत्राला पाप नाही, म्हणून यंत्राला दिसतं. ज्यांना दिसत नसेल त्यांनी सेल्फीचा कॅमेरा लावा. देव समोरूनच भेटतो."

विद्यापीठात माहितीपट बनवण्यास शिकणारी एक मुलगी मावशीच्या आग्रहाखातर हा सोहळा चित्रित करीत होती. आईच्या पश्चात मावशीनेच तिला लहानाचे मोठे केले होते. मावशीला काचबिंदू होता. डोळ्यांत रोज औषधाचे थेंब घालावेत, अन्यथा दृष्टी जाईल आणि गेलेली दृष्टी परत येणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

बाबांच्या शिष्याने त्या चित्रणाची प्रत मागून घेतली आणि पुढच्या सभेत ती मोठ्या पडद्यावर झळकली. "विद्यापीठाच्या कॅमेऱ्याची साक्ष," बाबा म्हणाले. "आता थेंब कशाला? ज्योतीकडे पाहा."

मावशीने औषधाची बाटली केरात टाकली.

"अगं, डॉक्टरांना तरी विचार."

"डॉक्टरला काय विचारायचंय? तुझाच कॅमेरा खोटं बोलेल होय?"

कॅमेरा जे पाहतो ते खरे, हेच तर मुलगी शिकत आली होती. महिनाभरात मावशीच्या डाव्या डोळ्यापुढे काळोख दाटला, तरी ती म्हणे, परीक्षा चाललीय माझी.

संकलनाच्या खोलीत मुलगी त्या सोहळ्याचे दोन कॅमेऱ्यांचे चित्रण जुळवीत बसली होती. दुसरा कॅमेरा तिच्या वर्गमित्राने, जाड्याने, चालवला होता. चित्रणाच्या आरंभी वाजवलेल्या टाळीवर दोन्ही फिती जुळल्या, आणि ती थबकली. एकाच क्षणी, एकाच तळहातावर, तिच्या चित्रात ज्योत होती. जाड्याच्या चित्रात काहीच नव्हते.

"तूच पापी दिसतोस," ती म्हणाली.

"मी पापी, मान्य. पण कॅमेऱ्याने काय पाप केलं?" जाड्याने तिचा कॅमेरा उलटसुलट पाहिला. "हे बघ. अंधुक होतं म्हणून तू रात्रीच्या चित्रणाची कळ दाबलीस."

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या शिक्षिका बाईंनी एसीचा रिमोट उचलला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि बटण दाबले. रिमोटच्या टोकाशी तीच जांभळट ज्योत लुकलुकली.

"अवरक्त प्रकाश," बाई म्हणाल्या. "आपल्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्यात तो अडवणारी काच असते. रात्रीची कळ दाबली की ती बाजूला होते. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात ती बहुधा कच्चीच असते."

मुलीच्या अंगाचा तिळपापड झाला. रिमोटात असतो तसल्या एका दिव्यापायी मावशीचा डोळा गेला होता, आणि साक्ष तिनेच पुरवली होती.

पुढच्या सभेत ती मावशीचा हात धरून थेट व्यासपीठापाशी गेली व तिने रिमोट उंच धरला.

"मंडळी, मोबाईल इकडे वळवा. हेसुद्धा तेजच आहे. यालाही हार घाला."

सभागृहात कुजबुज पसरली. बाबा हसले. "पोरी, यंत्रातही देवाचा अंश असतो."

"मग ती काळ्या खड्याची अंगठी काढून हात दाखवा."

"अंगठी काढली तर तेज कोपेल."

तोवर मावशी चाचपडत पुढे सरकली होती. तिने बाबांचे मनगट पकडले. "काढा की बाबा. माझा डोळा गेलाय. तुमची फार तर अंगठी जाईल."

तिने अंगठी ओढली. त्यासरशी अंगठीला जोडलेली केसासारखी बारीक तार अस्तनीतून लोंबत बाहेर आली. मोबाईलच्या पडद्यांवर आता मावशीच्या मुठीत ज्योत होती. बाबांचा हात कोरडा होता.

उजवा डोळा वाचेल, असे डॉक्टर म्हणतात. डावा मात्र गेला तो गेलाच.

वाचकहो, यंत्र खोटे बोलत नाही, हे खरे. परंतु त्याला काय दाखवले आणि कसे दाखवले, हे विचारल्यावाचून त्याच्या साक्षीला मान डोलावू नका. औषध बंद करा, असे जो सांगेल त्याच्याकडे पुरावा मागा, आणि तो पुरावा स्वतः तपासा. तो रागावला तरी मागा. चारचौघांत मागा.