शकुबाईच्या सुपातला हायड्रोजन

मित्रांनो, मी वडिवळ्याच्या शकुबाईचं जुनं सूप आहे, आणि या हिवाळ्यात मी चक्क ग्रह झालो. हसू नका, खरंच झालो.

कामशेतच्या बाजारात एका बुरुडाने मला विणलं. शकुबाईने इंद्रायणी भाताची पोतीच्या पोती माझ्यात पाखडली. "असं सूप गावात न्हाई," ती म्हणायची आणि मी फुगायचो. पुढे गिरणीतून तयार तांदूळ येऊ लागला आणि मी दारामागच्या खुंटीवर गेलो. पालीने माझ्यामागे संसार थाटला. फार वाईट वाटायचं.

मला खाली काढलं ते तिच्या नववीतल्या लेकीने, ज्योत्स्नाने. लहान लाल ताऱ्याजवळच्या खडकाळ ग्रहावर हायड्रोजनची हवा टिकते का, हे तिला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दाखवायचं होतं. टेबलफॅन म्हणजे तारा, मी ग्रह, भाताचे दाणे म्हणजे जड वायू आणि फोलपटं म्हणजे सगळ्यांत हलका हायड्रोजन. पंखा लावला की फोलपटं उडणार, म्हणजे हवा टिकत नाही. निवड झाली तर ती जिल्ह्याला जाणार होती, आणि तिला जायचंच होतं.

लेक चार माणसांत जाणार म्हणून शकुबाईने आदल्या संध्याकाळी मला शेणाने छान सारवलं. आमच्या धरणाकाठच्या गावातली थंडी, सारवण सुकलंच नाही.

परीक्षक मॅडम आल्या, पंखा सुरू झाला. थोडी फोलपटं उडाली आणि बाकीची ओल्या सारवणाला चिकटून बसली. ज्योत्स्नाचा चेहरा पडला. मागे शकुबाई पुटपुटली, "माज्यामुळंच झालं. कशाला सारवलं मी."

"मग हायड्रोजन राहिला म्हणायचा का?" मॅडमनी विचारलं.

ज्योत्स्ना माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मला मागून टिचक्या मारल्या. एकेक फोलपट सुटून उडू लागलं, तरी खाली शिल्लक होतीच.

"हो मॅडम," ती सावकाश म्हणाली. "नवा ग्रह वितळलेला असतो. या ओल्या सारवणात फोलपटं अडकली, तसा त्या लाव्ह्यात हायड्रोजन मुरतो. ताऱ्याचं ऊन-वारं वरचा उडवून नेतं, पण आतला ज्वालामुखीतून हळूहळू येत राहतो. ग्रह मोठा असेल, साठा भरपूर असेल, तर हवा पुष्कळ काळ टिकू शकेल. खात्रीने अजून कुणालाच माहीत नाही."

"तुझ्या तक्त्यावर तर उलटं लिहिलंय."

"हो. हे आत्ता कळलं."

संध्याकाळी पहिलं नाव तिचंच वाचलं गेलं. माझा ऊर भरून आला. शकुबाईने डोळे पुसले आणि विचारलं, "जिल्ह्याला कदी जायाचं? शेण ताजं लागंल."

मित्रांनो, प्रयोग फसला म्हणून लगेच पंखा बंद करू नका, जरा थांबून बघा. आणि दारामागचं जुनं सूप चुलीत घालण्याआधी एकदा हातात घ्या, सारवा. मी तर निघालोय जिल्ह्याला, शकुबाईच्या मांडीवर बसून.