नववा टेक, आवाजाविना

टेक ७

बाबांनी पट्टी दाबली आणि आवाजाची वाट पाहिली. तो आला, पण पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या उशिरानं. दुसऱ्या ओळीला त्यांची बोटं त्याच्यासाठी थांबू लागली. चौथ्या ओळीला गिरकीची चाल लंगडायलाच लागली.

"थांबव," ते म्हणाले. "वरातीमागून घोडं चाललंय तुझं."

ठमीनं लाल बटण बंद केलं. ठमी म्हणजे त्यांची मुलगी. वय चाळीस, धंदा जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचा, पण या घरात अजून ठमीच. कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेल्या डब्यावर तिनं लिनक्स घातलं होतं, त्यावर पियानोचा आवाज काढणारा एक फुकटचा प्रोग्राम, आणि बाबांपुढे पाच सप्तकांचा प्लॅस्टिकचा कीबोर्ड.

खुर्चीतल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. बाई नाच शिकवत. एकतीस वर्षं त्यांच्या वर्गात बाबांनी पियानो वाजवला होता, आणि यंदा पियानोच वाळवीनं खाल्ला. शनिवारी वर्षाचा मोठा कार्यक्रम. आज पाचपर्यंत रेकॉर्डिंग झालं तर बाबांचं संगीत, नाहीतर बाहेरचं तयार संगीत. साडेचार वाजले होते.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाई म्हणाल्या.

"अंगण वाकडंच आहे. विचारा हिला."

टेक ८

ठमीनं बफर, म्हणजे आवाज तयार करायला डब्याला मिळणारा वेळ, कमी केला. आता आवाज बोटाबरोबर आला, पण तापल्या तेलात पाणी पडावं तसा तडतडत. निवांत वेळ दिला की डबा स्वच्छ वाजे, पण उशिरा. घाई केली की वेळेवर, पण तडतड.

"दोन्ही एकदम नाही जमत त्याला?"

"बाबा, वय झालंय त्याचं."

"वयावर जायचं काम नाही."

आठ आणि नऊच्या मधे

"वर्गात बरं जमायचं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "तीस पोरी धबाधब उड्या मारायच्या. पियानो ऐकू तरी यायचा का?"

"छे. कधीच नाही."

"मग?"

"तुमचे पाय बघायचो."

बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

ठमी बफर पुन्हा वाढवत होती. त्यासाठी सगळं बंद करून चालू करावं लागे, आणि जोडण्या तुटत. पडद्यावर डावीकडे नावं, उजवीकडे नावं, मधल्या तारा माऊसनं ओढायच्या. कीबोर्डपासून रेकॉर्डरपर्यंतची तार तिनं ओढली.

"पावणेपाच," बाई म्हणाल्या.

ठमीनं घाईघाईनं लाल बटण दाबलं.

टेक ९

बाबांनी पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली. नुसतं प्लॅस्टिकचं ठक.

ठमीच्या लक्षात आलं. रेकॉर्डरपासून पियानोच्या प्रोग्रामपर्यंतची तार ओढायची राहिली होती. तिचा हात माऊसकडे गेला.

"राहू दे," मान न वळवता बाबा म्हणाले. बोटं थांबली नव्हती. "बाई, पाय."

"इथे? आत्ता?"

"गिरकीचं. चला, सुरुवातीपासून. एक, दोन..."

बाई उठल्या. चपला काढल्या, खुर्ची भिंतीला सरकवली, पदर खोचला. पहिली गिरकी त्यांनी जपून घेतली. दुसरी जरा मोठी. तिसरीला टेबलावरचा कप हलला.

खोलीत पट्ट्यांची ठकठक होती आणि अनवाणी पायांची थपथप. बाकी शांतता. बाई वळत तसे बाबांचे खांदे वळत. एका जागी बाई मुद्दाम रेंगाळल्या, पाय हवेत धरून. बाबांची बोटंही तिथंच हवेत थांबली.

"लबाडी!" बाबा म्हणाले.

"बघायचं होतं."

ठमी पडद्याकडे टक लावून बघत होती. हा रेकॉर्डर आवाज नोंदवतच नव्हता. कोणती पट्टी, केव्हा, किती जोरात, एवढंच. दर ठोक्याला एक छोटी हिरवी रेघ उमटत होती, आणि रेघा मुंग्यांच्या रांगेसारख्या पुढे पुढे चालल्या होत्या.

बाई थांबल्या. बाबांनी हात मांडीवर ठेवले.

"आता ऐकव," त्यांनी म्हटलं, आणि मग हळूच, "आहे ना काही?"

ठमीनं राहिलेली तार ओढली. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आली आणि 'वाजव'चं बटण दाबलं.

पियानो खोलीभर झाला. तडतड नाही, उशीर नाही. रेघा आधीच लिहिलेल्या होत्या, डब्याला आता घाई नव्हती. चाल गिरक्या घेत वर चढली, त्या एका जागी हवेत थांबली, आणि बाईंनी जिथं पाय टेकला होता नेमकी तिथं उतरली. बाई उभ्या उभ्या हसायला लागल्या. ठमीनं मूठ हवेत उडवली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून घेतली.

बाबा कान देऊन शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"असं वाजवतो होय मी?"

"एकतीस वर्षं," बाई म्हणाल्या.

पाचाला चार मिनिटं होती.

"बाई, कशावर घालून देऊ?" ठमीनं विचारलं.

बाईंनी पर्समधून पेनड्राइव्ह काढून दिला. ठमीनं तो लावला. आत एकच फाइल होती, मागच्या आठवड्यातली. नाव होतं, 'शनिवार संगीत पक्कं'.

तिनं बाबांकडे पाहिलं. ते पट्ट्या पुसत होते.

"यात आधीचं काहीतरी आहे. ठेवू?"

"पूस," बाई म्हणाल्या, आणि वाकून चपला शोधू लागल्या.