भिंत आधी, खड्डा मागून

रेणापूरच्या शिवमूर्तीने पन्नाशीपर्यंत दीडशेच्या आसपास विहिरी खोदल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळात त्याची माती-दगड वर ओढायची यारी एका गावातून निघाली की लगेच दुसऱ्या गावात उभी राहायची. पुढे लातूरचा वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, घरं वाढली, सगळ्यांना पाणी लागू लागलं, तेव्हा तो शहरातही खोदून आला. काळी माती किती हात आहे, तिच्याखाली मुरूम लागेल की थेट खडक, हे तो नुसती जमीन चालून सांगायचा आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

पंच्याऐंशीच्या फाल्गुनात एका विहिरीची वरची काळी माती ढासळली. खाली नागप्पा होता, बारा वर्षं शिवमूर्तीबरोबर काम केलेला माणूस. शिवमूर्ती नुकताच पाणी प्यायला वर आला होता. नागप्पाला बाहेर काढायला तीन तास लागले आणि तोवर तो संपला होता. त्या दिवसापासून शिवमूर्ती विहिरीत उतरला नाही. काठावर उभा राहून सांगायचा, गडी उतरायचे. मालक आता थकले, असं गडी म्हणत. खरं काय ते त्याच्या बायकोला, नीलम्माला, ठाऊक होतं. अंगणातल्या पेवातून ज्वारी काढायला पूर्वी तोच उतरायचा. आता पेव उघडलं की त्याला बाहेरचं काहीतरी काम निघायचं, आणि नीलम्मा पदर खोचून आत उतरायची. तिने त्याला कधी काही विचारलं नाही.

शहाऐंशीचा उन्हाळा पुन्हा कोरडा गेला. मे महिन्यात त्यांच्या मुलाचं, मन्मथचं, पत्र आलं. तो फौजेत होता, कलकत्त्याला. कवायतीत पडून पाय मोडला होता, प्लास्टर घातलं होतं. काळजी करू नका, असं त्याने लिहिलं होतं, म्हणून नीलम्माने त्याच दिवशी पिशव्या भरल्या. एसटीने नांदेड, नांदेडहून रेल्वेने मनमाड आणि तिथून कलकत्ता, असं करत दोघं चौथ्या दिवशी पोचली. फौजेची छावणी तिथल्या किल्ल्यात होती, तिथे मन्मथच्या सोबत्यांनी त्यांना एक खोली मिळवून दिली.

मन्मथचं इस्पितळ तिथून लांब होतं. पहिल्या दिवशी एका जवानाने त्यांना जीपमधून नेलं. मन्मथने पलंगावर पडल्या पडल्या सांगितलं, की उद्यापासून जमिनीखालच्या रेल्वेने या. किल्ल्यासमोर मोठं मैदान आहे, ते ओलांडलं की रस्त्याच्या कडेला जिना लागतो. स्टेशनाचं नावसुद्धा मैदानच आहे. दुसऱ्या स्टेशनाला, भवानीपूरला, उतरायचं आणि पुढे रिक्षा. हिंदुस्थानात अशी रेल्वे दुसरीकडे कुठे नाही, असंही त्याने अभिमानाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघं त्या जिन्यापाशी आली. शिवमूर्ती चार पायऱ्या उतरला आणि थांबला. खालून गार हवा येत होती. माणसं त्याला वळसा घालून उतरत होती. त्याने कठडा धरला होता आणि त्याच्या हाताच्या शिरा नीलम्माला दिसत होत्या.

"तू जा," तो म्हणाला. "मी बसनं येतो."

नीलम्माने मान हलवली आणि एकटी खाली गेली. रेणापूरच्या बाजारात हिंदी बोलायची सवय होती, पाट्यांवर नागरी अक्षरंही होती, त्यामुळे तिकीट काढायला तिला अडलं नाही. खाली दिवसासारखा उजेड होता. फरशी एवढी स्वच्छ, की चप्पल काढावी की काय असं तिला वाटलं. गाडी दिसायच्या आधी वारा आला. बोगद्याच्या तोंडातून तो एकदम सुटला, तिचा पदर उडाला, मग आवाज आणि मग दिवे. एवढा वारा जमिनीच्या पोटात कुठून येतो, याचं तिला सगळ्यात नवल वाटलं. नंतर तिच्या लक्षात आलं, की नळीतून दट्ट्या सरकावा तशी गाडीच पुढची हवा ढकलत आणते.

ती इस्पितळात पोचून अर्धा तास झाला तेव्हा शिवमूर्ती घामाने भिजून आला. तिने मन्मथला सगळं सांगितलं. शिवमूर्ती खिडकीकडे तोंड करून बसला होता, ऐकत नसल्यासारखं दाखवत. परत निघताना मात्र त्याने विचारलं, "भिंत ओली व्हती का?"

नीलम्माने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने फलाटाच्या भिंतीला तळवा लावला. कोरडी होती. इस्पितळाच्या ओट्यावर तिने तसं सांगितलं, तर त्याने दुसरं विचारलं. छत सपाट आहे की कमानीचं? पायऱ्या किती? मधे खांब आहेत का? तिने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, खांब मोजले, छत पाहून आली. रोज ती खालून जायची, तो वरून, आणि दोघं ओट्यावर भेटली की त्याचे प्रश्न सुरू व्हायचे. वर्षभरात तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता. पण शेवटी त्याचा प्रश्न तोच असायचा. हुगळी नदी किल्ल्याला लागूनच आहे, माती नुसता गाळ आहे, सहा हात खोदलं तरी पाणी लागणार. मग त्या पाण्याचं काय केलं? आणि खोदताना ती माती धरली कशानं?

हे भिंतीला हात लावून कळणार नव्हतं. चौथ्या दिवशी नीलम्माने फलाटाच्या टोकाला एक लोखंडी दार पाहिलं. आतून पंपाची घरघर येत होती. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. खाकी कपड्यातला एक वयस्कर बंगाली माणूस हातात तेलाचा डबा घेऊन बाहेर आला, तेव्हा तिने त्याला सरळच विचारलं, की हे पंप कशाला. तो आधी चकित झाला. मग त्याने सांगितलं, की चार दिशांनी पाणी झिरपायला बघतं, पावसाळ्यात रस्त्यावरचंही येतं, ते एका खड्ड्यात जमवून वर फेकायचं. दिवसरात्र हेच काम.

"आमच्याकडे पाण्याच्या मागे धावतात, आणि तुम्ही त्याला हाकलता," असं ती आपल्या हिंदीत म्हणाली. तो हसला. तिचा नवरा विहिरी खोदतो हे कळल्यावर तो बाकावर बसला आणि नीट समजावून सांगू लागला. हा बोगदा खोदला जात असताना तो तिथे मजूर होता.

नीलम्मा त्या दिवशी इस्पितळात उशिरा पोचली. शिवमूर्ती ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. ती बसायच्या आधीच सांगू लागली, की हा बोगदा उंदरासारखा पोखरत नेलेलाच नाही. वरून खणला आणि वरून झाकला. आडवी विहीर म्हणा.

"मग माती कशी न्हाई आली आत?"

"त्यांनी भिंत आधी बांधली. खड्डा मागून."

शिवमूर्तीला ते पटलं नाही. खड्डा नसताना भिंत उभी करणार कुठे? तिने पंपवाल्याचं बोलणं शब्दाशब्दाने सांगितलं. दोन्ही कडांना हात-दीड हात रुंद, पण खूप खोल अशी चर खणायची. खणता खणताच त्या चरीत एका चिकण मातीचा पातळ चिखल भरत राहायचा. तो चिखल दोन्ही बाजूंना रेटून धरतो, चर मिटत नाही. मग तळापासून काँक्रीट सोडायचं. ते खालून वर येतं, चिखल वरून बाहेर निघतो. दोन्हीकडच्या भिंती पक्क्या झाल्या, की मधली माती काढायची आणि जसं खाली जाऊ तसे आडवे टेकू लावत जायचे.

शिवमूर्तीने दोन्ही तळवे समोरासमोर धरले आणि मधल्या फटीकडे पाहिलं.

"चिखलानं माती धरली?"

"हाव. त्यानं दोनदा सांगितलं."

"चिखलानं," तो पुन्हा म्हणाला. मग त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि मन्मथला भेटायला आत गेला.

पुढच्या सकाळी जिन्यापाशी तो नेहमीसारखा बसच्या थांब्याकडे वळला नाही. नीलम्मा पुढे निघाली, तो मागे. आठव्या-दहाव्या पायरीवर त्याने तिचा दंड धरला. लोकांत त्याने तिला असं कधी धरलं नव्हतं. ती हळू चालली. खाली पोचल्यावर तो थेट भिंतीपाशी गेला, दोन्ही तळवे लावून उभा राहिला आणि भिंतीच्या कडेकडेने चालत सांधे शोधू लागला. दोन गाड्या त्याच्यामागून निघून गेल्या. तिसऱ्या गाडीत ती दोघं बसली. भवानीपूर आलं तरी तो उठला नाही, म्हणून तीही बसून राहिली. टालीगंज या शेवटच्या स्टेशनाच्या जरा आधी गाडी उन्हात वर आली. सगळे उतरले. शिवमूर्ती फलाटावर उभा राहिला आणि त्याने लांब श्वास घेतला. कपाळ घामाने निथळत होतं.

"लई काम केलं ह्यांनी," तो म्हणाला. मग म्हणाला, "चल, परत जाऊ. त्या माणसाला भेटायचंय."

पंपवाल्याशी त्याचं बोलणं दीड तास चाललं. दोघांचीही हिंदी मोडकी, पण बोटांनी हवेत चरी आणि भिंती काढून त्यांचं चाललं होतं. नीलम्माने गाड्या मोजल्या. त्या दिवशी मन्मथला डबा संध्याकाळी मिळाला.

मन्मथ काठी घेऊन चालू लागला तेव्हा ती दोघं परतली. जूनमध्ये रेणापूरजवळच्या एका वाडीने पिण्याच्या पाण्यासाठी विहीर धरली. वरची काळी माती तिथे चौदा हात होती. शिवमूर्तीने वाडीकऱ्यांना सांगितलं, की आधी मातीवरच सिमेंटचं कडं बांधायचं, ते वाळलं की त्याच्या आत उभं राहून खालची माती काढायची, म्हणजे कडं स्वतःच्या वजनाने खाली बसत जाईल, आणि ते बसेल तसं वरून वाढवत न्यायचं. नदीच्या वाळूत असं करतात हे त्याने ऐकलं होतं, काळ्या मातीत कुणी केलेलं पाहिलं नव्हतं. वाडीकऱ्यांनी कुरकुर केली, कारण पंधरा दिवस जास्त जाणार होते. कडं एकदा एका बाजूला कललं, ते सरळ करायला आणखी तीन दिवस गेले. पण ते मुरमापर्यंत गेलं. पहिल्या दिवसापासून त्यात आधी शिवमूर्ती उतरत होता, मग गडी. पाणी अठ्ठावीस हातांवर लागलं. फार नव्हतं, पण वाडीच्या घागरी भरत.

ते काम संपल्यावर एका सोमवारी तो नागप्पाच्या घरी गेला. नागप्पाचे दिवस झाल्यावर तो तिकडे फिरकला नव्हता. नीलम्मा मधूनमधून जायची. नागप्पाची बायको बसम्मा अंगणात वाळू चाळत होती. ओटा बांधायला काढला होता. तिने त्याला बसायला पोतं टाकलं.

शिवमूर्तीने तिला कलकत्त्याचं सगळं सांगितलं, अगदी आपण जिन्यावर अडलो तेही. शेवटी म्हणाला, "बसम्मा, भिंत आधी घालाय पायजे व्हती. मला म्हाईत नव्हतं."

बसम्माने चाळणी खाली ठेवली. डोळ्यांतलं पाणी तिने खांद्याला पुसलं. मग म्हणाली, "अण्णा, चिखल माती धरतो म्हणता. माती तर चिखल झाल्यावरच ढासळती. हे कसं?"

शिवमूर्तीला ते बोलून सांगता येईना. त्याने वाळूच्या ढिगात हाताने एक चर पाडली. ती लगेच मिटली. मग त्याने भांडी घासलेलं पाणी मागितलं, परसातली चिकण माती त्यात कालवली, आणि चर पाडता पाडता ते आत सोडू लागला. चर वीतभर खोल गेली आणि उभी राहिली. बसम्मा वाकून बघत होती. थोड्या वेळाने एक बाजू खचली.

"पातळ झालं," शिवमूर्ती म्हणाला.

बसम्मा उठली आणि परसातून आणखी एक ओंजळ माती घेऊन आली.