काळं रुखवत

रुकसानाने चादरीची गाठ दातांनी सैल केली आणि सगळ्यात आधी सूप बाहेर काढून मुक्ताबाईंसमोर सतरंजीवर ठेवलं. गाठोडं बांधतानाच तिने ते वर ठेवलं होतं, कारण त्यावरचा मोर तिला सगळ्यांत चांगला साधला होता. त्यामागून पोळपाट, लाटणं, रवी, मसाल्याचा लाकडी डबा असं एकेक निघालं. सगळं काळंभोर, आणि त्या काळ्यावर मेंदीसारख्या कोनातून पांढऱ्या रंगाने काढलेल्या वेली, कोयऱ्या, मोर. मधूनमधून आरशाचे बारीक तुकडे बसवलेले. दारातून आलेलं ऊन त्या आरशांवर पडलं आणि खोलीच्या भिंतीवर कवडसे नाचायला लागले.

कौतुकाचा पहिला शब्द कानावर पडेल म्हणून रुकसाना मान खाली घालून रिकाम्या चादरीची घडी करत बसली. घडी करून झाली, तरी कुणी बोलेना. तिने वर पाहिलं तर मुक्ताबाईंचा हात तोंडावर गेला होता आणि त्यांची धाकटी जाऊ मंगल चहाचं ताट घेऊन दारातच उभी होती.

“काळं?” मंगल म्हणाली. “लग्नात?”

मुक्ताबाईंच्या राजनंदिनीचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. लेकीच्या लग्नात मांडवात टेबल मांडायचं, त्यावर तिच्या संसाराच्या सजवलेल्या वस्तू ठेवायच्या आणि वरपक्षाच्या बायकांनी त्या उचलून, उलटून, नाक मुरडून बघायच्या, अशी रुखवताची रीत. त्या टेबलावर काय असावं याबद्दल बायकांची शंभर मतं असतात. काय नसावं, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

रुकसानाला ते ठाऊक नव्हतं. परळीच्या त्यांच्या मोहल्ल्यात ती मेंदीवाली म्हणून नावाजलेली. तिच्या हाताला कोन इतका बसलेला की, बोलता बोलता वेल पुरी करायची आणि ती कुठे वाकडी जायची नाही. गेल्या संक्रांतीआधी कापडाच्या दुकानांत बायका काळ्या साड्यांवर तुटून पडलेल्या तिने पाहिल्या आणि लाकडाच्या छोट्या डब्या काळ्या रंगवून त्यांवर मेंदीची नक्षी काढली. हळदीकुंकवाच्या वाणासाठी त्या हातोहात गेल्या. मुक्ताबाईंनी आपल्या भाचीच्या घरी त्यातली एक पाहिली आणि पत्ता काढत त्या धर्मापुरीहून थेट रुकसानाच्या दारात आल्या. डबी पुढे धरून म्हणाल्या, “माझ्या पोरीच्या रुखवताला मला अगदी असंच पायजे.”

मुक्ताबाईंनी नक्षी पाहिली होती. रुकसानाने रंगसुद्धा ऐकला.

हिंदूंची लग्नं तिने काही कमी पाहिली नव्हती. नवरीच्या हातावर मेंदी काढायची, मांडवात जेवायचं, अक्षता टाकून यायचं. पण रुखवताच्या टेबलावर काळं काही नाही, हे तिच्या कधी लक्षात आलं नाही. जे नसतंच ते कुणाच्या डोळ्यांत भरतं? उलट मंगळसूत्राचे मणी काळे असतात, तान्ह्या पोराच्या गालावर काळी तीट लावतात, म्हणजे हा यांचा शुभाचाच रंग असणार, असा हिशोब तिने मनाशी करून टाकला होता.

आता चहा आला, तिच्या हातात कप आला. मुक्ताबाईंचा धाक होताच, पण खरी धास्ती वेगळीच होती. तिच्या नवऱ्याचा, चाँदचा, मोठा भाऊ चाकणला गॅरेज चालवायचा आणि जुम्म्याची नमाज झाली की न चुकता फोन करायचा. इकडे या, खोली बघून ठेवली आहे, परळीत वीजकेंद्राच्या राखेशिवाय आहे काय? चाँद मनाने चांगला माणूस. बंद पडलेल्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा, पण भावाला नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. रुकसानाला मात्र परळी सोडायची नव्हती. तिची अम्मी दोन गल्ल्या सोडून राहत होती, लेक सहर शाळेत रमली होती आणि इथे चार घरांत तिला नावाने हाक मारत होते. शेवटी चाँदने तोड काढली. तुझ्या कामाला या लग्नसराईत जोर धरला तर राहू, नाहीतर शाळा उघडायच्या आत सामान बांधू. रुखवताचं हे पहिलंच काम होतं. मांडवात चारशे बायका ते बघणार आणि त्यांतल्या दहा जणी तरी पत्ता विचारणार, या एका आशेवर ती होती.

“तुमीच म्हनलात असंच पायजे,” हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण असं बोलून जिंकलेली बाई पुढचं काम घालवून बसते, हे तिला मेंदीच्या धंद्यात कळून चुकलं होतं.

“चुकलं काकू,” ती म्हणाली. “माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”

एवढ्यात राजनंदिनी आतून आली. तिने पोळपाट उचलला, बोटाने कोयरी चाचपली, मग उलटा करून पाहिला. लाटायची बाजू कोरी होती, नुसतं तासलेलं लाकूड. तिथे रंगवायचं नाही, पिठात रंग जायला नको, असं रुकसानाने सांगितलं. हे खरोखर वापरता येईल, याचंच राजनंदिनीला नवल वाटलं. तिच्या मैत्रिणींची रुखवतं लग्नानंतर माळ्यावर गेली होती.

“आई, असू दे की काळं,” ती म्हणाली. “मंगळसूत्र काळंच असतंय ना?”

“ते नजर लागू नये म्हनून,” मंगल म्हणाली. “तुझ्या सासूला कोण समजावून सांगनार? आधीच त्यांना बोलायला निमित्त पायजे.”

“मला आवडलंय.”

“तुला आवडून काय करू?” मुक्ताबाई पहिल्यांदाच बोलल्या. “मांडवात बोलनी मला खायची हायेत.”

रुकसानाने कप खाली ठेवला. आजपासून बसले तर हेच सगळं घासून लाल रंगवून देता येईल, असं तिने सांगितलं. लाल, पिवळं, हिरवं, म्हणतील ते. वरचे पैसे नकोत. हे सांगताना तिने आवाज साधा ठेवला. परळीत ओला रंग उघड्यावर ठेवायची सोय नाही, थर्मलची राख येऊन बसते. म्हणून एकेक वस्तू तिने मच्छरदाणीत वाळवली होती, आणि सहरला त्या बाजेवर बसायची बंदी होती. लाल रंगावर पांढरी रेघ अशी उठून दिसणार नाही, हे तिला आत्ताच दिसत होतं. पॉलिश पेपर फिरवताना सगळ्यांत आधी मोर जाणार, हेसुद्धा.

तिने घडी घातलेली चादर पुन्हा पसरली आणि सूप उचलायला वाकली. मुक्ताबाईंनी त्यावर हात ठेवला.

“ह्याला हात लावू नको.”

रुकसानाचा हात जागच्या जागी थांबला. आता अपशकुनाचं काहीतरी ऐकावं लागणार, म्हणून तिने मन घट्ट केलं.

“हे इथंच ऱ्हाऊ दे. लाल दुसरं कर,” मुक्ताबाई म्हणाल्या. “घासायचं कावून? एवढी मेहनत घेतलीस ती घासून टाकायला?”

दोन दोन रुखवतं कशाला हवीत, असं मंगलने विचारलं. तिचंही बरोबर होतं. मुक्ताबाईंनी सूप स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. नक्षी वाळलेली आहे की नाही, हे बघावं तसं.

“पोरीची पहिली संक्रांत हाय पुढं,” त्या म्हणाल्या. “सासरचे काळी साडी नेसवतील, हलव्याचे दागिने घालतील. त्या दिवशी समदं काळंच लागतंय. आन वान म्हायेरहून जातं. तवा हे तिच्या सासूच्या दारात नेऊन ठेवीन मी. बघू कोण नाव ठेवतंय.”

राजनंदिनी हसली. मंगलने थोडा विचार केला आणि मग तीही मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडून बघायला लागली.

“मीच म्हनले व्हते असंच कर म्हनून,” मुक्ताबाई सुपाकडेच बघत म्हणाल्या. “रंगाचं बोलायचं ऱ्हाऊनच गेलं.”

गिऱ्हाइकाच्या घरी रडायची लाज वाटली असती, म्हणून रुकसानाने लगेच कामाचं काढलं. लाल रुखवत कधी आणायचं, लाकूड कुणाकडचं घ्यायचं, हे ठरलं. परळीचा सुतार बद्रीनाथ दोन दिवसांत पोळपाट-लाटणं करून देईल, असं तिने सांगितलं. मुक्ताबाईंनी आतून जुनं मऊ लुगडं आणलं आणि एकेक वस्तू त्यात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवली. मग कपाट लावता लावता त्या मागे वळल्या.

“तिकडं हळदीकुंकवाला बायका लई येतील. त्या लहान डब्या बी लागतील मला, वाटायला. तवा असशील ना गं परळीत?”

साधा प्रश्न होता. ‘घरी विचारून सांगते’ असं याचं उत्तर होतं. चाकणची खोली होती, भावाचे फोन होते, शाळा उघडायची तारीख जवळ येत होती. रुकसानाला हे सगळं आठवायच्या आतच तिचं तोंड उघडलं होतं.

“हाय की काकू,” ती म्हणाली. “मी कुठं जातीय?”

रिकामी चादर काखेत मारून ती फाट्यावर आली, तेव्हा ऊन रणरणत होतं आणि परळीकडे जाणाऱ्या जीपचा पत्ता नव्हता. ती लिंबाच्या सावलीत उभी राहिली. मग चाँदला फोन लावला. त्याच्या मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. रुखवताचं काय झालं, त्यांना आवडलं का, हे त्याने विचारलं. आवाजात काळजी होती, पण उत्तर कोणतंही आलं तरी चालेल अशा माणसाचा तो आवाज नव्हता. हे तिला आजच जाणवलं.

घरी आल्यावर सगळं सांगते, असं ती म्हणाली. मग येताना रंगाच्या दुकानातून काय आणायचं ते तिने सांगितलं.

“लाल का डब्बा लाना. और काला बी लाना.”

“अब काला किसकू?” चाँदने विचारलं.

“संक्रांत कू लगता.”

पत्र्याचा आवाज थांबला. तो बाजूला जाऊन उभा राहिला असावा.

“संक्रांत तो जनवरी में है.”

“मालूम है.”

फोन कट झाला की काय म्हणून तिने तो कानापासून दूर धरून बघितला. मग चाँदचा आवाज आला, इंजिनाचा कुठला भाग आणायचा हे विचारावं तितका साधा.

“काले में कौनसा? चमकवाला के सादा?”

“दोनों,” रुकसाना म्हणाली.