बिनपायऱ्यांचं दार

आमच्या घराला पुढचं दार आहे. चांगलं ओकचं, पितळी मुठीचं. उघडलं की समोर मक्याचं शेत दिसतं, त्यापलीकडे चर्चचा कळस दिसतो, आणि खाली बघितलं तर कंबरभर उंचीवरून सरळ जमीन. पायऱ्या नाहीत. उत्तर विस्कॉन्सिनात अशी दारं अजून दोन-चार घरांना सापडतील, पण तिथले नवरे निदान लाजतात तरी. आमचा व्हर्लिन पाहुण्यांना मुद्दाम दाखवतो.

घर त्यानेच बांधलं, स्वतःच्या हाताने. भिंती झाल्या, छप्पर झालं, तळघर झालं, आणि काम पायऱ्यांशी येऊन अडलं. त्या आठवड्यात शुक्रवारी, इकडच्या रीतीप्रमाणे, मासे खायला आम्ही बारमध्ये गेलो होतो. तिथे कुणीतरी अर्धवटराव त्याला म्हणाला की अर्धवट घराला घरपट्टी कमी बसते. झालं. दुसऱ्या दिवशी सिमेंटची पोती गोठ्यात गेली, ती तिथेच दगड होऊन बसली आहेत.

"आर्डिस, पायऱ्या बांधल्या की घर पुरं झालं," तो मला समजावायचा. "पुरं झालं की डेल्मर किंमत वाढवणार. किंमत वाढली की पट्टी वाढली."

डेल्मर क्रूगर म्हणजे आमच्याकडे घरांच्या किमती ठरवणारा माणूस. चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर बसतो.

"मग त्याला एकदा विचार तरी. रविवारी त्याचं टक्कल तुझ्या नाकासमोर असतं."

"विचारलं की त्याच्या लक्षात नाही का येणार? हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं?"

चमडी जाईल पण दमडी जायची नाही, असा हा माणूस. पण त्याच्याशी लग्न मीच केलं, डोळे उघडे ठेवून, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? आयुष्यभर मी माझ्याच घरात मागून शिरले. गमबूट, कुत्र्याचं अंथरूण, हरणाच्या मांसाने भरलेला फ्रीझर, हे सगळं ओलांडून. एकदा मी म्हटलंही, "त्या पुढच्या दारातून मी जाईन ती आडवीच, आणि तेव्हाही खांदेकऱ्यांना उड्या माराव्या लागतील."

"मागचं दार रुंद आहे," व्हर्लिन म्हणाला, आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

हसले मी तेव्हा. पण गेल्या हिवाळ्यात दुसराही गुडघा बदलून घेतला, आणि मग मला त्याचं हसू येईना. मला त्या दारातून एकदा माझ्या पायांनी बाहेर पडायचं होतं. बस्स, एवढंच हवं होतं.

त्याच हिवाळ्यात शाळेचं निघालं. शाळेला नवीन इमारत हवी, त्यासाठी मोठं कर्ज काढायचं. असं कर्ज शाळेला मनाने काढता येत नाही. एप्रिलमध्ये गावाने मत देऊन हो म्हणावं लागतं, कारण फेडायचं गावाने, वीस वर्षं, घरपट्टीतून. ज्याच्या घराची किंमत मोठी, त्याचा वाटा मोठा. शाळेच्या मंडळाची अध्यक्ष माझी धाकटी बहीण लव्हॉन. म्हणजे व्हर्लिनची मेहुणी. पन्नास वर्षं दोघं एकमेकांना टोचत आली आहेत, आणि त्यावरच त्यांची तब्येत चांगली राहिली आहे.

लव्हॉनचं पत्रक आलं. लाख डॉलरच्या घराला वर्षाला किती जास्तीचे भरावे लागतील, ते सगळं मांडलेलं होतं. व्हर्लिनने ते चष्मा काढून वाचलं, चष्मा लावून वाचलं, आणि आकडा काही कमी झाला नाही. मग त्याने 'नाही'ची पाटी आणून पत्रपेटीशेजारी रोवली.

त्या रात्री जेवताना त्याने माझ्याकडे बटाटे सरकवले. बटाटे असे आपणहून सरकले की काहीतरी मागणं असतं.

"हे कर्ज मतदानात पडलं," तो म्हणाला, "तर या उन्हाळ्यात पायऱ्या बांधतो."

मी काटा खाली ठेवला. "आणि मंजूर झालं तर?"

"तर वीस वर्षं नाव काढायचं नाही. तेवढी पट्टी आणि वर पायऱ्यांची पट्टी, नाही झेपणार."

वीस वर्षांनी मी नव्वदीपार. "लाच देतोयस का मला?"

"देतोय."

खरं सांगते, मी डळमळले. रात्रभर विचार केला. त्या शाळेत मी शिकले, आमची पोरं शिकली. आता पावसात पहिलीच्या वर्गात बादल्या ठेवतात, आणि टपटप आवाजात बाई बेरीज शिकवतात. पण गुडघे माझे होते, आणि दार माझं होतं. कुणी म्हणेल, एका म्हातारीच्या पायऱ्यांपायी एवढा घोर? त्याने माझ्या मागच्या दाराने एकदा भाजीची पिशवी घेऊन, बर्फाने माखलेल्या बुटांवरून आत यावं, मग बोलावं.

सकाळी मी लव्हॉनकडे गेले, 'हो'ची पाटी आणली, आणि पुढच्या दाराच्या बरोबर खाली, पायऱ्या असायला हव्या होत्या तिथेच ठोकली. पोस्टमनने गाडी थांबवून दोन्ही पाट्या बघितल्या आणि म्हणाला, "जेवण एकाच टेबलावर करता ना अजून?"

"करतो," मी म्हटलं. "पण बटाटे सरकत नाहीत."

मार्चमध्ये शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये सभा झाली. वरून गळत होतं, खाली तीन बादल्या. सगळं गाव आलं होतं. लव्हॉनने बोलून घेतलं आणि व्हर्लिन उठला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. इस्त्री मीच केली होती, आता काय सांगू.

"मी स्वतःचं घर स्वतः बांधलंय," त्याने सुरुवात केली. "हे छत गळतंय, त्याबद्दल मला मंडळाला एवढंच विचारायचंय. वर्षानुवर्षं काम अर्धवट ठेवायचं, 'करू, करू' म्हणायचं, माणसांना गैरसोयीत ठेवायचं, आणि पैसे वाचवले म्हणून पाठ थोपटायची, ही काय रीत झाली?"

बादलीत एक थेंब पडला. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग बाक हलायला लागले. व्हर्लिनला कळेना लोक का हसतात. तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी छताकडे.

लव्हॉनने हसू दाबत माईक हातात घेतला. "व्हर्लिन, उत्तर द्यायला मी तुझ्या घरी येते. पुढच्या दाराने येऊ का?"

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, त्यातली गत. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो खाली बसला आणि टोपी मांडीवर फिरवत राहिला. मला वाटलं होतं मजा येईल. आली, पण थोडीच. चारचौघांत आपला माणूस असा बसला की हसणाऱ्यांचा रागच येतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी तो मासे खायला यायला तयार नव्हता. मी ओढून नेला. बारमध्ये डेल्मर शेजारच्या टेबलावर होता. ब्रँडी घेऊन तो आमच्याकडे सरकला.

"व्हर्लिन, वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुझ्या त्या दाराचं मला कधीच कळलं नाही. पायऱ्या का नाही बांधल्यास?"

व्हर्लिनने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने पाकिटातच हात घातला. पण आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं? "घर पुरं झालं की तू किंमत वाढवशील म्हणून."

"पण तुझं घर पुरंच आहे माझ्याकडे," डेल्मर म्हणाला. "पायऱ्यांसकट. पहिल्या वर्षापासून."

"पायऱ्या नाहीत तिथे."

"मी बघायला आलो तेव्हा नव्हत्या. तू शिडीवर होतास. मी विचारलं, पायऱ्यांचं काय? तू म्हणालास, शनिवारी होतील. मी पायऱ्या धरून किंमत लावली."

"मग नंतर बघितलं नाहीस? रोज रस्त्याने जातोस."

"दिसतं रे. पण तू शब्द दिला होतास," डेल्मर म्हणाला. "मला वाटायचं, या शनिवारी नाही तर पुढच्या. तुझ्या शब्दावर शंका कशाला घेऊ?"

तो हे टोमणा म्हणून म्हणत नव्हता, तीच तर पंचाईत. तो खरंच तसं धरून चालला होता. मी तोंडात घेतलेला मासा गिळायला विसरले. नसलेल्या पायऱ्यांची पट्टी इतकी वर्षं आम्ही इमानेइतबारे भरत होतो, आणि मी गमबुटांतून वाट काढत होते. मला हसायचं होतं, ओरडायचंही होतं. मी दोन्ही केलं नाही, कारण व्हर्लिन पांढराफटक पडला होता. पैसे गेले म्हणून नव्हे. पैसे गेले की तो लाल होतो. हा माणूस गाय विकताना कागद करत नाही, हात मिळवला की झालं म्हणतो. त्याचा एक शब्द इतके दिवस पुढच्या दाराखाली तसाच लोंबकळत होता.

घरी आल्यावर त्याने ट्रक पत्रपेटीशीच थांबवला आणि दिव्यांच्या उजेडात त्या दाराकडे बघत बसला.

मतदानाच्या दिवशी आम्ही एकाच ट्रकने गेलो, वेगवेगळ्या पडद्यांमागे उभे राहिलो, आणि चर्चच्या बायकांची पातळ कॉफी पिऊन परत आलो. मी 'हो' म्हटलं. पेन उचलताना गुडघे दुखत होते, तरी म्हटलं. त्याला काही विचारलं नाही. संध्याकाळी लव्हॉनचा फोन आला, कर्ज मंजूर झालं, थोडक्या मतांनी. मी तिचं अभिनंदन केलं, फोन ठेवला, आणि पुढच्या खोलीत जाऊन त्या दाराकडे बघत बसले. खोटं कशाला बोलू, रडले थोडी. शाळेचा आनंद होता, पण सौदा सौदा होता.

व्हर्लिनने आपली पाटी उपटून गोठ्यात ठेवली. माझी तशीच राहिली. पायऱ्यांचं नाव मीही काढलं नाही, त्यानेही नाही.

जूनमध्ये शाळा सुटली आणि जुना पूर्वेकडचा भाग पाडायला घेतला. त्याआधी मंडळाने तिथलं सामान विकायला काढलं. फळे, बाक, घंटा. व्हर्लिन सकाळीच ट्रेलर जोडून गेला. मला वाटलं लाकडं आणायला गेला असेल. नंतर लव्हॉननेच सांगितलं काय झालं ते. त्याने पूर्वेच्या दाराच्या दगडी पायऱ्या मागितल्या.

"'नाही' वाल्यांना आम्ही दगड विकत नाही," ती म्हणाली.

मग व्हर्लिन तिच्या कानाशी वाकला आणि काहीतरी बोलला. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि पायऱ्या निम्म्या किमतीत दिल्या. काय बोलला ते तिने मला सांगितलं नाही, आणि तो तर मरेपर्यंत सांगायचा नाही. पण मी काही दुधखुळी नाही.

दोन दिवस तो खाली खणत होता, खडी दाबत होता, दगड बसवत होता. मदतीला कुणाला येऊ दिलं नाही. माझी पाटी त्याने अलगद काढून गुलाबांपाशी लावली. मग आत आला, हात धुतले आणि पितळी मूठ फिरवली.

"ये," म्हणाला.

मी बाहेर पाऊल टाकलं. दगड मधोमध खोलगट झाले होते, किती पिढ्यांच्या बुटांनी कोण जाणे. त्यात माझेही होते, पहिलीतले, आईने मोठ्या मापाचे घेतलेले. पाय त्या खळग्यात बरोबर बसला. मी कठड्याला हात न लावता उतरले. कठडा नव्हताच म्हणा, तो अजून बाकी आहे.

"कसं आहे?" व्हर्लिनने विचारलं.

"वाईट नाही," मी म्हटलं. आमच्याकडे याहून मोठं कौतुक कुणी करत नाही.

आम्ही दोघं पायरीवर बसलो. त्या दाराने आजही कुणी येत नाही. लव्हॉनसुद्धा सवयीने मागूनच येते. पण त्या दिवशी रस्त्याने डेल्मरची गाडी आली, हळू झाली, आणि त्याने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. व्हर्लिननेही दोन बोटं उचलली.

"आज वार कोणता?" मी विचारलं.

"शनिवार," तो म्हणाला. "शनिवारच म्हणालो होतो ना त्याला."